ॲओर्टाचं मूळ फुगलंय: बेंटॉल, डेव्हिड की आणखी काही?

मागच्या अंकात ॲओर्टा म्हणजे महाधमनी फुगते तेव्हा नेमकं काय होतं यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतली आणि मेसेजेसमधली निम्म्याहून जास्त एकाच जागी अडकलेली दिसली, की ऑपरेशन लागणार हे कळलंय पण एक डॉक्टर एक नाव घेतात, दुसरे दुसरंच, मग आम्ही ऐकायचं कोणाचं. म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय. नावं नेहमीसारखीच गाळलीत.

प्रश्न: डॉक्टर, माझा नवरा ३४ वर्षांचा आहे, खूप उंच, बारीक, लांब लांब बोटं, शाळेपासून जाड चष्मा. ऑफिसच्या चेकअपमधे इको झाली आणि ॲओर्टिक रूट ५.१ सेंमी निघाला, नंतर जीन टेस्टमधे मार्फन सिंड्रोम, म्हणजे शरीराला धरून ठेवणाऱ्या ऊतीच कच्च्या असण्याचा जन्मजात आजार, आलं. व्हॉल्व्ह थोडासाच लीक आहे म्हणतात. पहिले सर्जन म्हणाले बेंटॉल करा, मेटलचा व्हॉल्व्ह घाला, एकदाच काय ते होऊन जाईल. दुसरे म्हणाले डेव्हिड करू, स्वतःचा व्हॉल्व्ह वाचेल, आयुष्यभर गोळीची कटकट नको. परत पहिल्यांकडे गेलो तर ते म्हणाले वाचवलेला व्हॉल्व्ह पुढे बिघडतो आणि मग छाती दुसऱ्यांदा उघडावी लागते. दोघंही मोठे डॉक्टर आहेत. कोण बरोबर?

उत्तर: ताई, दोघंही बरोबर असू शकतात. पळवाट काढतोय असं वाटेल पण तसं नाहीये, नीट सांगतो.

आधी रूट म्हणजे काय ते बघू कारण सगळा घोळ तिथेच आहे. ॲओर्टा हृदयातून निघते तो पहिला दोन-तीन सेंटीमीटरचा भाग म्हणजे रूट. बाहेरून तो नळीसारखा दिसतो पण आत तीन फुगीर खिसे असतात, त्या खिशांच्या भिंतींना व्हॉल्व्हच्या तीन पाकळ्या टांगलेल्या असतात, आणि त्यातल्याच दोन खिशांमधून हृदयाला रक्त देणाऱ्या कोरोनरी निघतात, त्याच त्या ज्यांची बायपास करतात. म्हणजे फुटका पाइप कापला आणि नवा जोडला इतकं हे सरळ नाही, पाइप काढला की व्हॉल्व्ह लोंबकळतो आणि कोरोनरी सुट्या होतात, हे सगळं परत बसवायचं असतं आणि तेवढा वेळ हृदय थांबवून शरीर हार्ट-लंग मशीनवर ठेवलेलं असतं.

बेंटॉलमधे ही भानगड एका फटक्यात मिटवली जाते. डॅक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी, तिच्या एका टोकाला व्हॉल्व्ह आधीच शिवलेला. आपला व्हॉल्व्ह आणि फुगलेला रूट दोन्ही कापून टाकायचे, ही नळी बसवायची आणि कोरोनरींची तोंडं भोवतालच्या थोड्या भिंतीसकट बटणासारखी कापून नळीला भोकं पाडून शिवायची. लंडनमधे ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी १९६८ मधे ही पद्धत मांडली (तेव्हा कोरोनरी थोड्या वेगळ्या रीतीने जोडायचे, बटणं नंतर रुळली). पन्नास वर्षांहून जास्त काळ चालत आलेलं ऑपरेशन आहे, जगभरच्या सर्जनांच्या हाताला बसलेलं, आणि निकाल काय लागेल याचा अंदाज चांगला बांधता येतो. मेटलचा व्हॉल्व्ह स्वतः झिजत नाही हेही खरं. पण "एकदाच काय ते होऊन जाईल" हे वाक्य मला अर्धंच पटतं, कारण ऑपरेशन एकदाच होतं, गोळी मात्र रोज. मेटलवर रक्ताच्या गुठळ्या धरतात म्हणून रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा तत्सम गोळी जन्मभर, आयएनआर म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी जन्मभर, आणि एवढं सगळं करूनही दर वर्षी शंभरातल्या एखाद-दोघांना मोठा रक्तस्राव नाहीतर गुठळीचा त्रास होतोच. एका वर्षासाठी हा आकडा किरकोळ वाटतो. ३४ वर्षांच्या माणसाच्या पुढच्या चाळीस वर्षांची बेरीज करून बघा म्हणजे दुसरे सर्जन का हटून बसलेत ते कळेल.

आता डेव्हिड. टोरोंटोचे टिरोन डेव्हिड, मूळचे ब्राझीलचे, त्यांनी १९९२ मधे हे ऑपरेशन प्रसिद्ध केलं. यात खिशांच्या भिंती कापतात पण पाकळ्या आणि त्या जिथून टांगलेल्या असतात ती कड तशीच ठेवतात, मग डॅक्रॉनची नळी वरून बाहुल्याच्या झग्यासारखी खाली सरकवायची आणि पाकळ्यांची कड नळीच्या आतल्या बाजूला गोल शिवत आणायची. व्हॉल्व्ह तुमचाच, फक्त घर नवीन. याचाच एक भाऊबंद म्हणजे लंडनच्या मॅग्दी याकूब यांचं रिमॉडेलिंग, त्यात नळीला तीन जिभा कापून खिशांच्या जागी शिवतात, पाकळ्यांची हालचाल जास्त नैसर्गिक राहते पण व्हॉल्व्हच्या तळाची रिंग मोकळी राहते. मार्फनमधे हीच रिंग पुढे सैल पडते, म्हणून तिथे बहुतेक जण डेव्हिडच पसंत करतात किंवा रिमॉडेलिंग केलंच तर रिंगला बाहेरून पट्टा घालतात.

पहिल्या सर्जनची भीती खोटी नाही, वाचवलेला व्हॉल्व्ह बिघडू शकतो. पण सगळा डाव ऑपरेशन कोणाच्या हातात आहे यावर आहे. टोरोंटोच्या स्वतःच्या पेशंट्समधे वीस वर्षांनंतरही दहातल्या नऊहून जास्त जणांना व्हॉल्व्हसाठी परत ऑपरेशन लागलेलं नाही, मार्फनवालेही त्यात आले. हाच आकडा वर्षातून एखादंच डेव्हिड करणाऱ्याला लावता येत नाही. पाकळी एक-दोन मिलिमीटर खाली बसली तरी लीक राहतो. जर्मनीचे शेफर्स यांनी तर यासाठी एक छोटं मोजमापाचं हत्यारच वापरात आणलं, बंद झालेल्या पाकळीची कड तळापासून किती उंच आहे ते टेबलावरच मोजायचं, साधारण ९ मिमी मिळाले की सर्जन जरा सैल श्वास घेतो. मग हृदय चालू झाल्यावर अन्ननलिकेतून इको करून लीक बघायचा, आणि तो मनासारखा नसेल तर परत मशीनवर जायचं. हे सगळं करायला सवयही लागते आणि स्वतःची चूक तिथल्या तिथे कबूल करायची तयारीही लागते, दुसरी गोष्ट सवयीपेक्षा दुर्मिळ आहे असं माझं आपलं मत.

म्हणून दोघांनाही जाऊन तीन गोष्टी विचारा आणि लाजू नका. तुम्ही स्वतः वर्षाला किती व्हॉल्व्ह वाचवणारी रूट ऑपरेशन्स करता. पाच-दहा वर्षांपूर्वी केलेल्या तुमच्या पेशंट्सचे व्हॉल्व्ह आज कसे आहेत. आणि आत गेल्यावर पाकळ्या खराब निघाल्या, म्हणजे ताणून पातळ झालेल्या, भोकं पडलेल्या, तर मग काय घालणार. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा कारण डेव्हिड ठरवून आत जायचं आणि बेंटॉल करून बाहेर यायचं असं होतं, त्यात कोणाची फसवणूक नसते. पण तेव्हा मेटल घालायचा की टिश्यूचा (प्राण्याच्या ऊतीचा) हे पेशंटने शुद्धीत असताना ठरवलेलं असलं पाहिजे. माझ्याकडे एक गृहस्थ होते ज्यांनी यावर बोलायलाच नकार दिला होता, "नाही नाही, वाचेलच व्हॉल्व्ह". नाही वाचला. आयसीयूत जाग आल्यावर छातीत मेटल व्हॉल्व्हची टिकटिक ऐकून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही, तो फॉर्म अर्धवट सोडून मीच पुढे गेलो होतो.

आता माझा कौल विचाराल तर, व्हॉल्व्ह थोडाच लीक आहे म्हणजे पाकळ्या बहुधा चांगल्या असणार, वय ३४, डेव्हिडचा सराव असलेला सर्जन मिळत असेल तर डेव्हिड. नसेल मिळत तर चांगल्या हाताने केलेलं बेंटॉल हे कच्च्या हाताने केलेल्या डेव्हिडपेक्षा कधीही बरं.

अजून एक नाव तुमच्या कानावर येईल, पेअर्स. याची गोष्ट मजेशीर आहे, टाल गोल्सवर्दी नावाच्या इंग्लंडमधल्या इंजिनियरला स्वतःलाच मार्फन होतं आणि त्याला बेंटॉल नको होतं, तर त्याने स्कॅनवरून आपल्या ॲओर्टाचं हुबेहूब मॉडेल बनवून त्यावर जाळीची पिशवी तयार करायची कल्पना काढली आणि २००४ मधे ती जाळी पहिल्यांदा त्यालाच बसवली गेली. रूट कापायचाच नाही, बाहेरून मोजमापाचा मोजा चढवायचा की तो आणखी फुगणार नाही, आणि बऱ्याच वेळा हार्ट-लंग मशीनही लागत नाही. पण रूट फार मोठा झालेला नसताना आणि व्हॉल्व्ह धड असतानाच याचा उपयोग, ५.१ आणि लीक म्हणजे तुमच्या बाबतीत गाडी बहुतेक सुटत आलीय. विचारायला मात्र हरकत नाही.

आणि घाई किती? मार्फनमधे ५ सेंमीला ऑपरेशन सांगतात, घरात कोणाची ॲओर्टा फाटलेली असेल किंवा वाढ झपाट्याने होत असेल तर ४.५ लाच. म्हणजे तुम्ही रेषा ओलांडलीय. आज रात्री धावत सुटायला नको पण सणवार, बढती, बहिणीचं लग्न असं करत सहा महिने काढू नका. तोवर बीपीच्या गोळ्या न चुकता, जिममधे वजनं उचलणं पूर्ण बंद, आणि छातीत किंवा पाठीत काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं अचानक दुखलं तर ॲसिडिटीची गोळी देत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या आणि आत शिरताच "मार्फन आहे, ॲओर्टा फुगलेली आहे" हे पहिलं वाक्य बोला. रूट फाटला की पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातला एखाद-दुसरा पेशंट जातो, आणि ठरवून केलेल्या ऑपरेशनमधे अनुभवी ठिकाणी अख्खी जोखीमच साधारण तेवढी असते.

प्रश्न: वय ५८. जन्मापासून दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह आहे हे आत्ता कळलं, त्यावर कॅल्शियम साठून तो घट्ट झालाय आणि ॲओर्टा ४.८. मला रक्त पातळ करायची गोळी अजिबात नको, मोठ्या भावाला त्यावर असताना मेंदूत रक्तस्राव झाला होता. पण टिश्यूचा व्हॉल्व्ह घातला तर सत्तरीत परत छाती उघडायची का? आणि माझाच व्हॉल्व्ह वाचवता येणार नाही का?

उत्तर: काका, शेवटचं आधी. नाही वाचणार. दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह मऊ असेल आणि नुसता लीक असेल तर वाचवतात, पण कॅल्शियमने दगड झालेली पाकळी कितीही सुंदर शिवली तरी दगडच. आणि व्हॉल्व्हसाठी छाती उघडायचीच आहे तर ४.५ च्या पुढची ॲओर्टाही त्याच वेळी उरकून घ्यावी, ते तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

पण त्याआधी एक गोष्ट रिपोर्टमधे बघा, ४.८ नेमकं कुठे आहे. दोन पाकळ्यांवाल्यांमधे बरेचदा खालचा रूट ठीक असतो आणि फुगवटा वरच्या भागात असतो. तसं असेल तर रूट बदलायची गरजच नाही, व्हॉल्व्ह वेगळा घालायचा आणि वर एक साधी नळी, कोरोनरींना हात लावायचा नाही, ऑपरेशन सोपं होतं. सीटी करून तीन वेगवेगळ्या उंचीवरची मापं मागा. एकच आकडा लिहिलेला रिपोर्ट घेऊन रूटचं ऑपरेशन ठरवू नये, मी तर ठरवत नाही.

रूटच फुगलेला असेल तर तुमच्यासाठी बायो-बेंटॉल, म्हणजे तेच बेंटॉल पण नळीत गाय किंवा डुकराच्या ऊतीचा व्हॉल्व्ह. पन्नाशीच्या आत मेटलकडे कल, पासष्टीनंतर टिश्यूकडे, आणि मधली पंधरा वर्षं म्हणजे पेशंटशी बसून बोलायची. तुमच्या भावाचं जे झालं ते ऐकल्यावर मी तुमच्यावर मेटल लादणार नाही. टिश्यू साधारण दहा ते पंधरा वर्षं नीट चालतो, तुमच्या वयात काहींना जास्तही. बिघडला की छाती उघडावीच लागेल असं आता राहिलं नाही, मांडीतून नळी घालून जुन्या व्हॉल्व्हच्या आत नवा व्हॉल्व्ह बसवता येतो. मात्र बाटलीत बाटली घालण्यातला हा प्रकार आहे, बाहेरची बाटली मोठी हवी, आणि कोरोनरींची तोंडं पुरेशी उंच हवीत नाहीतर नवा व्हॉल्व्ह ती झाकून टाकतो. त्यामुळे सर्जनला आजच सांगा की बारा वर्षांनंतरचाही विचार करून साइज घाला. बरेच जण हे सांगतच नाहीत आणि मग तेव्हाचा डॉक्टर कपाळाला हात लावतो.

प्रश्न: मी २७ वर्षांची, मार्फन, रूट ४.६, लीक अजिबात नाही. मूल हवंय. गायनॅक म्हणतात आधी ऑपरेशन. एका नातेवाईकांनी सांगितलं रॉस ऑपरेशन कर, तरुण लोकांसाठी तेच बेस्ट असतं. खरं का?

उत्तर: नातेवाईकांचं अर्धं वाचन झालेलं दिसतंय. १९६७ मधे डोनल्ड रॉस यांनी सुरू केलेल्या या ऑपरेशनमधे आपलाच फुफ्फुसाच्या बाजूचा व्हॉल्व्ह काढून ॲओर्टाच्या जागी लावतात आणि त्याच्या जागी दान मिळालेला व्हॉल्व्ह घालतात. गोळी नको, जिवंत व्हॉल्व्ह, तरुण माणसात चांगल्या हातात फार छान. पण मार्फनमधे तो उचललेला तुकडाही त्याच कच्च्या मालाचा असतो, ॲओर्टाच्या दाबाखाली तोही फुगतो. म्हणून मार्फनमधे रॉस नको.

तुमच्या गायनॅकचं बरोबर आहे, मार्फनमधे रूट ४.५ च्या पुढे असेल तर दिवस राहण्याआधी ऑपरेशन करून घ्यावं, कारण गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे ॲओर्टा फाटायचा धोका सगळ्यात जास्त असतो. आणि तुमच्या बाबतीत मेटल तर शेवटचा पर्याय धरा. वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या हाडांवर, नाकावर परिणाम करू शकतं, आणि ते बंद करून हेपरिनच्या इंजेक्शनांवर राहिलं तर आईच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरायचा धोका वाढतो. टिश्यूचा व्हॉल्व्ह या वयात लवकर खराब होतो. लीक नाही, माप ४.६, म्हणजे व्हॉल्व्ह वाचवायला याहून चांगली परिस्थिती क्वचित मिळते. डेव्हिड बघा, आणि पेअर्सही तुमच्या मापात बसतं, दोन्हींबद्दल विचारा.

दोन गोष्टी मात्र कोणी स्वतःहून सांगत नाही. ऑपरेशनने रूट सुटतो, उरलेली ॲओर्टा तशीच मार्फनची राहते, म्हणून गरोदरपणात इको चालूच. आणि लोसार्टान ही बीपीची गोळी चालू असेल तर ती दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना विचारून बदलायची, बीटा ब्लॉकर (बीपीचीच दुसऱ्या जातीची गोळी) सहसा चालू ठेवतात. बाळाला मार्फन यायची शक्यता निम्मी. जेनेटिक्सवाल्यांशी एकदा बोलून घ्या, घाबरवायला नाही, पर्याय कळावेत म्हणून.

प्रश्न: बाबा ६९ वर्षांचे, रूट ५.६. छाती न उघडता मांडीतून स्टेंट टाकून होत नाही का? पोटातल्या ॲओर्टाला तसं करतात असं वाचलं.

उत्तर: पोटात होतं, छातीतल्या खाली उतरणाऱ्या भागातही होतं. रूटमधे नाही. स्टेंटला दोन्ही टोकांना धरायला निरोगी भिंत लागते, इथे एका टोकाला हलणारा व्हॉल्व्ह आणि मधे कोरोनरींची तोंडं, झाकली की हार्ट ॲटॅक. यावर खास उपकरणं बनवायचे प्रयत्न चालू आहेत पण रोजच्या वापरात नाहीत. ६९ हे रूटच्या ऑपरेशनसाठी फार वय नाही, किडनी, फुफ्फुसं आणि चालणं-फिरणं बरं असेल तर सर्जनला भेटा. आणि ५.६ आहे, लवकर भेटा.

प्रश्न: मेटल व्हॉल्व्हचं बेंटॉल होऊन दोन वर्षं झाली, वय ४१. रात्री शांततेत टिकटिक ऐकू येते ती कधी जाईल? आणि मित्र म्हणतो आता नवीन गोळ्या आल्यात ज्यांना रक्त तपासायला लागत नाही, त्या घेऊ का?

उत्तर: दुसऱ्याचं आधी: अजिबात नाही. त्या गोळ्या हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी चांगल्या, मेटल व्हॉल्व्हसाठी नाहीत. त्यातल्याच डाबिगाट्रानवरच्या अभ्यासात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, त्याचे निकाल २०१३ मधे आले. नंतर एका विशिष्ट मेटल व्हॉल्व्हवर अपिक्साबान ही तशीच दुसरी गोळी देऊन बघितलं तर गुठळ्या जास्त म्हणून २०२२ मधे तो अभ्यास मधेच थांबवला. वॉरफरिनच, आयएनआर साधारण २ ते ३ मधे, तुमचा आकडा वेगळा सांगितला असेल तर तो पाळा. पालेभाज्या सोडू नका, फक्त एक आठवडा ढीगभर आणि एक आठवडा शून्य असं नको. कोणतीही नवीन गोळी, अँटिबायोटिक सुद्धा, सुरू झाली की आयएनआर लवकर तपासा. दात काढायच्या आधी डेंटिस्टला व्हॉल्व्हबद्दल सांगा, अँटिबायोटिकचा एक डोस आधी घ्यावा लागतो.

टिकटिक जाणार नाही. कानाला तिची सवय होते, बहुतेकांना होते. उशी बदलून, कूस बदलून, हळू आवाजात पंखा किंवा रेडिओ लावून फरक पडतो. एका पेशंटच्या बायकोने मला सांगितलं होतं की आवाज आला नाही तर तिलाच झोप लागत नाही.

प्रश्न: मला दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह, रूट बदलून झाला, ठणठणीत आहे. भावाला काहीच त्रास नाही, त्याला तपासायला लावू का? तो हसतो.

उत्तर: हसू दे, इको करून घे म्हणावं. सख्खी भावंडं, मुलं आणि आई-वडील हयात असतील तर तेही, प्रत्येकाची एक साधी इको, दुखत नाही आणि अर्ध्या तासात होते. तुमचा रूट फुगला होता तेव्हा तुम्हालाही काही त्रास नव्हताच ना?